बसलेले किती

कित्तूरकरांच्या घरात शांततेची एकच खोली होती आणि तिच्यात मुकुलच्या आईनं, अंबूताईंनी, लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. खोली म्हणजे जिन्याखालची चार फूट बाय पाच फूट जागा. तिच्यात टेबल बसतं का हे मुकुलनं तीनदा मोजून पाहिलं. टेबल बसत होतं. टेबल बसल्यावर मुकुल बसत नव्हता.

बाकीचं घर धारवाडच्या सप्तापुरातल्या कुठल्याही घरासारखं, म्हणजे चहूबाजूंनी उघडं. पुढच्या दारानं शेजारच्या कौसल्याअक्का येत, मागच्या दारानं भाजीवाली येई, आणि अप्पा, म्हणजे मुकुलचे वडील बाळाचार्य, भूमापन खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून दोन्ही दारांच्या मध्ये आरामखुर्ची टाकून आवक-जावक बघत बसत. अशा घरात बसून मुकुल बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी परदेशातल्या दवाखान्यांत पेशंटांच्या रांगा लावणारं सॉफ्टवेअर लिहायचा. रांगा तिकडं नीट लागत. इकडं त्याच्या खुर्चीमागं लागत.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यांतली पाच मुकुल बेंगळुरूत आणि भार्गवी धारवाडात अशी गेली. आठ वर्षं तात्पुरती म्हणून राबल्यावर भार्गवी गेल्या जूनमध्ये हुबळीच्या विद्यानगरातल्या कॉलेजात कायम झाली, तेव्हा ती नोकरी सोडणं शक्य नव्हतं. आणि कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली म्हणून वर्षभरापासून नवराबायको एका छताखाली जेवत होती. एवढं एक सुख मुकुलच्या नावावर जमा होतं. ते जायची वेळ डिसेंबरात आली.

कारणं तीन. पहिलं, अंबूताईंचा कुकर. त्याची शिट्टी ऐकून परदेशातल्या साहेबाला आपल्याच इमारतीत आग लागलीय असं वाटलं आणि तो मीटिंग सोडून जिना उतरून गेला. दुसरं, अंबूताई स्वतः. ऐन मीटिंगमध्ये त्या मेथीची जुडी घेऊन आल्या आणि 'इथंच ऊन येतंय रे, तू बोल तुझं' म्हणून त्याच्या शेजारी निवडायला बसल्या. तिसरं कारण अप्पा.

अप्पा चष्मा शोधत आले होते. तो डोक्यावर सापडला, तेव्हा समोर पडद्यावर माणूस दिसला.

"कोण रे हे?"

"अप्पा, मीटिंग चाललीय. माझे मॅनेजर आहेत. संदीप."

"नुसतं संदीप कसं?" अप्पा कानडीतला आदराचा 'री' जोडत पडद्याकडं वाकले. "कुठले री तुम्ही?"

पडद्यावरचा संदीप गडबडला. "मूळचे हुबळीचे, सर."

"हुबळीत कुठं?"

"लॅमिंग्टन रोड."

"शाळेतल्या मालतीबाईंचे काय? थोरले का धाकटे?"

"धाकटा."

"असं सांगा की मग! गुडघे कसे आहेत त्यांचे?"

मीटिंगमध्ये अकरा माणसं होती, त्यांतली दोन परदेशी. मालतीबाईंच्या गुडघ्यांची सगळ्यांनी शांतपणे माहिती घेतली.

मीटिंग संपल्यावर अप्पा म्हणाले, "त्याच्या मागची खिडकी बघितलीस? उंच उंच इमारती, काचा, सगळं झकास. पण सकाळी नऊलाही ऊन तिथंच आणि संध्याकाळी सहालाही तिथंच. बेंगळुरूत सूर्य हलत नाही काय?"

"ते चित्र असतं अप्पा. मागं लावतात."

"मग चित्राच्या मागं काय असतं?"

"ऑफिस."

"तू बघितलंस?"

मुकुल चिडला आणि त्यानं लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी संदीपचा फोन आला. आवाजात गुडघ्यांचा राग होता. "मुकुल, वरून फार कडक आलंय. सगळ्यांनी ऑफिसात यायचं. तुझ्यासाठी मी एवढंच करू शकतो. संक्रांतीपर्यंत सलग दहा मीटिंगा कर, मागून एकही आवाज येता कामा नये. एक जरी आला, तरी पुन्हा एकपासून मोजायचं. दहा झाल्या तर मी वर शब्द टाकतो. नाही झाल्या तर सोळा जानेवारीला बेंगळुरूत हजर."

रात्रीच्या जेवणात मुकुलनं हे सांगितलं. अंबूताई म्हणाल्या, "कुकर पहाटे चारला लावते." अप्पा म्हणाले, "लेखी मागून घे." भार्गवीनं नुसतं माळ्याकडं बघितलं, जिथं मुकुलची बेंगळुरूची मोठी बॅग ठेवलेली होती. मुकुलनं हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या सकाळी तो बाहेर जागा शोधायला निघाला. वाचनालयात गेला, तर स्पर्धापरीक्षेची पोरं पहाटे सहाला येऊन खुर्च्यांवर रुमाल टाकून गेलेली. एका खुर्चीवर तर नुसती पाण्याची बाटली होती आणि ती ऑगस्टपासून तिथं आहे असं कळलं. मठाच्या ओसरीवर बसला, तर अर्ध्या तासात कुणीतरी त्याच्या हातात पळी देऊन त्याला पंगतीत सार वाढायला उभं केलं. बागेत बाकावर लॅपटॉप उघडला, तर समोरून जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा. धारवाडात कामाच्या वेळी बाकावर बसलेल्या तरण्या माणसाकडं बघायची एकच रीत आहे.

"अंबूताईंचा मुकुल ना रे तू? ऊट आतेनु? जेवलास का? नोकरी गेली काय?"

"नाही काका. कामच करतोय."

"होय, होय. घरी माहीत आहे ना पण?"

तीन दिवसांत चौदा जणांनी चौकशी केली, सहा जणांनी धीर दिला आणि एकानं आपल्या मेहुण्याच्या खताच्या दुकानात शब्द टाकतो म्हणून सांगितलं. मुकुल घरी आला तो कानशिलं तापवूनच.

आता इथं दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं ओळखीपाळखीतून एक रिकामी खोली बघितली असती. पण मुकुल इंजिनिअर. इंजिनिअरला बसायला एक खुर्ची हवी असली की तो आधी गावातल्या सगळ्या खुर्च्या शोधून देणारी यंत्रणा उभी करायला घेतो. त्यानं ठरवलं की एक ॲप करायचं. हुबळी-धारवाडात लॅपटॉप घेऊन बसता येईल अशा सगळ्या सार्वजनिक जागा त्यात. प्लग आहे का, इंटरनेट येतं का, गोंगाट किती, आणि आत्ता तिथं बसलेले किती. घरबसल्या बघायचं आणि रिकाम्या जागी जायचं. आपल्यासारखे शेकडो असतील, त्यांचंही भलं होईल. एकदा शेकडोंचं भलं करायचं ठरलं की माणसाला आपली अडचण लहान वाटायला लागते आणि तिच्याकडं दुर्लक्ष होतं. तसंच झालं.

नावावर चार दिवस गेले. मुकुलनं जी इंग्रजी नावं काढली ती कौसल्याअक्कांना म्हणता येईनात, आणि जे कौसल्याअक्कांना म्हणता येत नाही ते गावात चालत नाही. शेवटी दारात आलेल्या माणसाला अंबूताई जे ओरडून सांगतात तेच ठेवलं: 'बसा की'. मग चिन्ह. मुकुलनं खुर्ची काढली. अक्का म्हणाल्या, "खुर्ची नको बाई, इलेक्शनचं वाटतंय. त्यापेक्षा पाट काढ." पाट काढला. अप्पा म्हणाले, पाट बघून लोक जेवायला येतील. शेवटी सतरंजी ठरली. ती फोनच्या पडद्यावर एवढीशी झाल्यावर पापडासारखी दिसायची. पण तोवर वादाला कुणात त्राण उरलं नव्हतं.

"बागेतले बाक सरकारी आहेत," अप्पा म्हणाले. "परवानगीशिवाय सरकारी बाकाचं नाव घ्यायचं नाही." चौतीस वर्षं सरकारी टेबलामागं बसलेल्या माणसापुढं बोलायची सोय नव्हती. मुकुल एका कचेरीत गेला. कुठल्या, ते सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांच्या भिंती एकाच रंगाच्या असतात. बोलणं कानडीत झालं, ते मराठीत असं:

"ॲप कुठं उभं करणार?"

"उभं नाही करायचं. फोनमध्ये असतं."

"जागा किती व्यापतं?"

"चाळीस एमबी."

कारकुनानं 'चाळीस' लिहिलं आणि मान वर केली. "चौरस फूटच ना?"

चार फेऱ्यांनंतर जो कागद मिळाला त्यावर बाळाचार्य कित्तूरकर यांचे चिरंजीव यांस चाळीस चौरस फुटांचा तात्पुरता मांडव तीन दिवस घालण्यास, ध्वनिक्षेपक न लावण्याच्या अटीवर, मुभा दिलेली होती. मुकुलला रडू यायचं बाकी होतं. अप्पांनी मात्र तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला आणि फाइलला लावला. "परवानगी ती परवानगी. कशाची आहे ते मागाहून बघता येतं."

तिथून अप्पांनी कामाचा ताबा घेतला. जागा बघून नोंदवायला माणसं हवी होती, आणि विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरणाऱ्या निवृत्तांच्या हातात वेळच वेळ होता. धारवाडची बाजू अप्पांनी स्वतः घेतली. हुबळीकडं नागोजींना नेमलं. नागोजी अळणावरकडचे, सरकारी बशीत कंडक्टर होते आणि दाराशी उभं राहून आतली डोकी मोजायची त्यांना सवय होती. बशीतून उतरून आठ वर्षं झाली, तरी ते अजून नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी 'कुठनं कुठं?' असं विचारत.

पहिल्याच दिवशी अप्पांचं आणि ॲपचं वाजलं. 'बसलेले किती' या चौकटीत त्यांना चार ओळी लिहायच्या होत्या आणि चौकट आकड्याशिवाय काही घेत नव्हती.

"अप्पा, तिथं फक्त तीन, चार, असा आकडा टाकायचा."

"नुसता तीन? तीन म्हशी पण असतात. तीन कोण, कोणाचे, कशाला बसलेत, काही नको? असला अर्धवट पंचनामा मी चौतीस वर्षांत केला नाही."

"लोकांना जागा रिकामी आहे का तेवढंच कळायला हवं."

"जागा रिकामी का आहे हे माणसं कळल्याशिवाय कसं कळणार?"

मुकुलनं घड्याळ बघितलं, तारीख बघितली, आणि वाद टाळण्यासाठी चौकट उघडी करून दिली. काय लिहायचं ते लिहा. हा मुकुलचा दोष. पुढं जे झालं त्याचा जाब कुणी विचारला तर तो इथं विचारावा.

'बसा की' डिसेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू झालं. संध्याकाळपर्यंत चारशे जणांनी घेतलं. बुधवारी अकराशे. मुकुलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हुबळी-धारवाडात घरून काम करणारे अकराशे आहेत हे त्याला माहीतच नव्हतं.

तसे ते नव्हतेच. भार्गवी कॉलेजातून आली ती हसू दाबत. "आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांकडं आहे तुझं ॲप."

"काय म्हणतात? प्लगची माहिती बरोबर आहे ना?"

"प्लग कोण बघतंय? हे बघ की." तिनं वाचून दाखवलं.

'बाग, गुलमोहराखालचा बाक. बसलेले: दोन. वकिलांचा उमेश, घरी क्लासला जातो म्हणून सांगून. शेजारी मुलगी. कोणाची, याची चौकशी चालू आहे.'

'वाचनालय. बसलेले: नऊ. पैकी वाचणारे दोन. झोपलेले सात, त्यांत तात्या, घोरतात.'

'मिरची-भज्यांच्या गाड्यामागचं बाकडं. प्लग नाही. बसलेले: एक. निवृत्त हेडमास्तर. चौथं भजं. साखर असून.'

आणि त्याच्याखाली, नागोजींच्या हातची: 'नव्या बसस्टँडवरची उपाहारगृहाची गच्ची. बसलेले: तीन. दोघांनी कुठनं कुठं ते सांगितलं. तिसरा सांगत नाही. पायांत लग्नातले बूट. लक्ष ठेवून आहे.'

ॲप घेतलेल्या अकराशेंमध्ये आया होत्या, बायका होत्या, सासवा होत्या आणि तीन हॉस्टेलचे रेक्टर होते. सकाळी दूध तापायला ठेवायचं आणि आपला माणूस कुठं बसलाय ते बघून घ्यायचं, असा गावाला नेम जडला. गोंगाटाला किती तारे हे कुणी उघडूनही बघितलं नव्हतं.

शुक्रवारी घरावर माणसं आली. उमेशनं 'खाजगी आयुष्य' असा शब्द तीनदा वापरला. हेडमास्तर नुसते उभे राहिले. घरी त्यांचं जेवण कमी केलं होतं आणि त्यांना बोलवत नव्हतं. मुकुल हात जोडत होता. अप्पा नव्हते जोडत.

"नोंदींत एक तरी खोटी आहे काय, सांगा. चौथं भजं होतं का नव्हतं?"

"तिसरं होतं," हेडमास्तर क्षीणपणे म्हणाले.

"बसा की री सगळे," अंबूताई आतून ओरडल्या. "चहा टाकलाय!" आणि मोर्चा चहा पिऊन गेला. मागनं कौसल्याअक्का उमेशला विचारत्या झाल्या, "पण ती मुलगी कोणाची रे?"

याचा एक परिणाम मात्र असा झाला, जो मुकुलच्या ध्यानीमनी नव्हता. नवीन वर्ष उजाडलं आणि जोडगावातल्या सगळ्या सार्वजनिक जागा ओस पडल्या. नोंद होईल या धाकानं कुणी कुठं बसेना. बाग: शून्य. गच्ची: शून्य. वाचनालयातली ऑगस्टपासूनची बाटलीसुद्धा कुणीतरी उचलून नेली. शांतता पाहिजे होती ती अख्ख्या गावात पसरली, आणि ती एकट्या मुकुलच्या वाट्याला आली. त्याला गुन्हेगारासारखं वाटलं. पण गुन्हेगारासारखा तो त्याच दुपारी वाचनालयात जाऊन बसला आणि चार दिवसांत सलग सहा मीटिंगा केल्या.

सातवीत दार उघडलं. "मुकुल! अरे नऊपासून बसलायस म्हणे!" कौसल्याअक्का होत्या, हातात तीन मजली डबा. "अप्पांनी लिहिलंय, 'बसलेले: एक. आमचा मुकुल. काही खाल्लेलं नाही.' सगळ्या गल्लीनं वाचलं. ही भाकरी, ही भरल्या वांग्यांची एण्णेगाई, आणि शेंगाचटणी वेगळी बांधलीय, सांडेल."

पडद्यावर संदीपनं डोळे मिटून घेतले. "पुन्हा एकपासून, मुकुल."

त्या दिवशी आठ जानेवारी होती. घरी मुकुल वडिलांवर पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "तुमच्या नोंदींपायी मला घर सोडून जावं लागणार आहे, कळतंय का? कुणी सांगितलं होतं मी जेवलो नाही म्हणून लिहायला?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जेवला नव्हतास म्हणून लिहिलं."

भार्गवीनं माळ्यावरची बॅग काढून खाली ठेवली होती. पुसून ठेवली होती. हे जास्त वाईट होतं.

दुसऱ्या सकाळी नागोजी हुबळीहून मुद्दाम आले. झाल्या प्रकाराची हळहळ त्यांनाही होती. "मुकुलअण्णा, एक जागा आहे. विद्यानगरात, वैनींच्या कॉलेजच्या मागं. कल्याण मंटप. आता धनुर्मास. संक्रांत होईतवर लग्न नाही, मुंज नाही, कुत्रं फिरकत नाही. खुर्च्या सहाशे. जनरेटर आहे. मॅनेजर परशुराम आपल्या ओळखीतला."

मुकुलला जागच्या जागी नाचावंसं वाटलं. लग्नाच्या गावात लग्न नसलेला महिना, त्याहून शांत काय असणार! "पण नोंद करायची नाही हं, नागोजी."

नागोजींचा चेहरा पडला. चालत्या बशीतून तिकीट न फाडता माणूस उतरताना बघावा, तसा. "सगळं होईतवर नाही करत," ते म्हणाले. "नंतर करावी लागेल."

परशुरामनं मुकुलला वधूपक्षाची खोली दिली. आरसा, त्याच्या कडेला चिकटवलेल्या सत्तावीस टिकल्या, एक पंखा, आणि शांतता. अशी शांतता की आपलाच श्वास ऐकू यावा. "पलीकडं वरपक्षाच्या खोलीत पण एक साहेब बसतात तीन आठवडे झाले," परशुराम म्हणाला. "बोलत नाहीत कुणाशी. तुम्ही पण बोलू नका." मुकुलला ही अट इतकी आवडली की त्यानं परशुरामचा हात दाबला.

एक, दोन, पाच, सात. मीटिंगा निर्वेध पार पडत गेल्या. मधल्या सुट्टीत भार्गवी कॉलेजमधून यायची आणि दोघं वधूच्या आरशासमोर बसून डबा खायची. तिच्या तोंडावर पुन्हा हसू यायला लागलं. "बरं दिसतंय हं इथं तुला. टिकली लाव एक." नऊ झाल्या. दहावी चौदा जानेवारीला, सकाळी अकराला.

संदीप पडद्यावर आला. मागं त्याची ती काचेची खिडकी, तेच ऊन. परदेशी साहेबही होते. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. मुकुलनं बोटं एकमेकांत गुंतवून धरली होती. आणि सोळाव्या मिनिटाला सनई वाजली.

साधी नाही. चौघड्यासकट. संक्रांतीनंतरच्या पहिल्या लग्नासाठी परशुराम आपले कर्णे वाजवून बघत होता.

"मुकुल!" संदीप कडाडला. "हे काय? लग्नात बसलायस काय?"

मुकुलनं झटकन आपला आवाज बंद केला. खलास. सगळं खलास. बॅग, बस, शनिवार-रविवार. त्यानं डोकं हातांत धरलं आणि तसाच क्षणभर बसला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याचा माइक बंद होऊन दहा सेकंद झाली तरी कानातल्या यंत्रातून सनई चालूच आहे. एक सनई दारातून येत होती. दुसरी बेंगळुरूहून.

"संदीप," परदेशी साहेब म्हणाले, "मला वाटतं हे संगीत तुमच्याकडून येतंय. फार छान आहे."

त्याच वेळी पडद्यावर संदीपच्या मागचं दार कुणीतरी ढकललं. त्या धक्क्यानं उंच इमारती हलल्या, विरल्या, आणि त्यांच्या जागी भिंतीवर रंगवलेली अक्षरं दिसली: 'वरपक्ष. कृपया दागिने सांभाळा.' अक्षरांखाली नागोजी उभे होते. त्यांचा प्रश्न मुकुलला कानातही ऐकू आला आणि भिंतीतूनही.

"नमस्कार री. कुठनं कुठं?"

मुकुल आपल्या खोलीतून बाहेर आला. पलीकडच्या खोलीतून संदीप बाहेर आला. वर कोट, खाली लुंगी. मधल्या बोळात, हात धुवायच्या नळांपाशी, दोघं समोरासमोर उभे राहिले. सनई जोरात होती. लांबून बघणाराला वाटलं असतं, आता अंतरपाट धरतील.

"आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," संदीप शेवटी म्हणाला. आवाजात पडद्यावरचा करडेपणा नव्हता. "महिना झाला. थोरला परदेशात. वर सांगितलं असतं तर मलाही सोळा तारखेची नोटीस आली असती. म्हणून..." तो थांबला. "म्हणून तुझ्यावर जरा जास्तच कडक झालो. मीच इथं आहे हा कुणाला संशय येऊ नये."

मुकुलच्या मनात बोलायला पुष्कळ साठलं होतं. एण्णेगाईचा डबा होता, पुसून ठेवलेली बॅग होती, अप्पांवर चढलेला त्याचा आवाज होता. पण समोरचा माणूस लुंगीत होता. लुंगीतल्या मॅनेजरवर रागावता येत नाही. त्यानं एवढंच विचारलं, "दहावी मीटिंग धरायची का?"

संदीपनं विचार केला. तो मॅनेजर होता. नियमाला धरून होता. "आवाज तुझ्या बाजूनं आला नव्हता," तो म्हणाला. "धरली."

तेवढ्यात मुकुलच्या खिशातला फोन वाजला. नागोजींनी शब्द पाळला होता. सगळं होईतवर थांबले होते, आणि त्यांच्या मते आता सगळं झालं होतं. 'कल्याण मंटप, विद्यानगर. बसलेले: दोन. वधूपक्षाकडं बाळाचार्यांचा मुकुल. वरपक्षाकडं लॅमिंग्टन रोडच्या मालतीबाईंचा धाकटा संदीप. कुठनं: बेंगळुरू. कुठं: सांगत नाही.'

संदीप पांढराफटक पडला. "पुसून टाक. आत्ता. आपल्या कंपनीत हुबळीची सात पोरं आहेत, त्यांच्या सगळ्यांच्या आयांकडं हे असणार."

"पुसायचं अप्पांच्या हातात आहे," मुकुल म्हणाला. आणि खरंच होतं. उमेशच्या मोर्चानंतर अप्पांनी ती किल्ली स्वतःकडं घेतली होती.

संध्याकाळी संदीप सप्तापुरात आला, लुंगी बदलून. अंबूताईंनी तिळगूळ दिला. अप्पांनी आधी गुडघ्यांची विचारपूस केली आणि मग अर्ज ऐकून घेतला. ऐकून मान हलवली.

"नोंद पुसता येत नाही. खाडाखोड झाली की दप्तर गेलं. शेरा मारता येतो."

"कसला शेरा, सर?"

"ते परिस्थिती बघून." अप्पांनी चष्मा पुढं ओढला. "माझा मुलगा सोळा तारखेला कुठं असणार?"

संदीपनं भार्गवीकडं बघितलं. ती दारात उभी होती, आणि तिच्या मागं ती बॅग. तो खाली मान घालून म्हणाला, "मी वर कळवतो, मुकुल आला म्हणून. कुणी विचारलंच, तर माझ्या शेजारच्या खोलीत बसतो असं सांगेन."

"यात खोटं काही नाही," अप्पा समाधानानं म्हणाले. "आणि ती मागची खिडकी. त्यात संध्याकाळ पण घालत जा. लोकांचं लक्ष असतं."

बॅग माळ्यावर गेली. भार्गवीनं ती एवढ्या जोरात ढकलली की पुन्हा काढायची तर सुतार लागावा.

'बसा की' महिनाभरात थंडावलं. गावातले लोक पुन्हा बागेत बसू लागले, उमेशही. ती मुलगी कौसल्याअक्कांच्याच चुलतभावाची निघाली. हेडमास्तर तिसऱ्या भज्यावर थांबतात, निदान बघताना तरी. संक्रांतीनंतर लग्नं सुरू झाली तेव्हा परशुरामनं दोन्ही साहेबांना मुहूर्तांची यादी काढून दिली, आणि तेव्हापासून त्या कंपनीच्या मीटिंगा पंचांग बघून ठरतात. दाट मुहूर्ताच्या दिवसांत एकही मीटिंग का नसते, हे परदेशी साहेबांना अजून उलगडलेलं नाही. त्यांना वाटतं, कामाची काही नवी पद्धत आहे.

अप्पांचा शेरा मात्र आहे. लग्न नसलेल्या दिवशी नागोजी मंटपाच्या दारातून डोकी मोजतात, धारवाडला कळवतात, आणि अप्पा स्वतःच्या हातानं, खाडाखोड न करता, रोज तेच लिहितात.

'कल्याण मंटप, विद्यानगर. बसलेले: दोन. जेवले. दोघेही बेंगळुरूला असतात.'